युवा बेकारी : पुढील वेतनावरील परिणाम

उमेदवारीच्या वयात आलेल्या बेकारीमुळे पुढील आयुष्यातील वेतनात टिकून राहणारी घट. (पहा : बेकारी). अमेरिकेतील डेव्हिड एलवुड यांचा १९८२ चा अभ्यास या विषयातील आरंभीचा मानला जातो. ब्रिटनमध्ये १९५८ च्या मार्चमधील एकाच आठवड्यात जन्मलेल्यांची माहिती पुढे वेळोवेळी नोंदवली गेली. तीतील पुरुषांच्या वेतनावरून पॉल ग्रेग व एमा टॉमिनी यांनी २००५ मध्ये काढलेला निष्कर्ष सर्वांत बोलका आहे : शिक्षण, प्रदेश व कौटुंबिक पार्श्वभूमी जमेस धरूनही वयाच्या ४२ व्या वर्षी वेतनातील घट १३ ते २१ टक्के होती, बेकारी पुन्हा वाट्याला आली नाही, तर ती ९ ते ११ टक्के राही. अनुभव व कामावरील प्रशिक्षण हुकणे (पहा : मानवी भांडवल), रिकामा काळ ही मालकांनी अपात्रतेची खूण मानणे आणि नाइलाजाने हलकी नोकरी पत्करणे ही प्रमुख कारणे होत. कॅनडात मंदीच्या काळात पदवीधर झालेल्या पुरुषांची घट मात्र सुमारे दहा वर्षांत भरून निघाली. त्यासाठी अधिक वेतन देणाऱ्या आस्थापनांत जाणे उपयोगी पडले. (पहा : व्यापारचक्र). म्हणून केवळ चालू बेकारी भत्त्यावरून युवा बेकारीची किंमत मोजणे अपुरे ठरते.