तांब्याभर पाण्याचे अध्यात्म

१/ मेहरूणचे तळे आणि मेहरूणची बोरे जळगावकरांना वेगळी सांगावी लागत नाहीत. याच जळगावात १९०७ मध्ये पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरेला अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली, ती इथेच. संमेलनात एक ख्रिस्ती कवीही होते : रेव्हरंड नारायण वामन टिळक. हा धागा त्यांच्या घराविषयी आहे.

२/ टिळक जन्माने चित्पावन ब्राह्मण. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. त्यांची भक्तिगीते अभंगांच्या वळणाची आहेत, ती त्यामुळेच.

३/ पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंचा संसार मात्र मोडला. काही वर्षे त्या टिळकांपासून दूर राहिल्या. ज्या घरात त्या वाढल्या, ते घर पाहिले म्हणजे या दुराव्याची खोली कळते.

४/ १८५७ च्या उठावानंतर कुटुंबातील एका ज्येष्ठाला फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले मीठ आणि साखरसुद्धा धुतल्याशिवाय घरात येत नसे. धुतलेल्या मिठाचे काय उरत असेल, हे वेगळे सांगायला नको.

५/ पुढे टिळकांजवळ परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. मग एकदा प्रश्न त्यांच्याच मनात उभा राहिला : जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाले, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे त्यांनी ठरवले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी पाण्याचा विटाळ गेला, धर्म मागाहून आला.

६/ हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही ख्रिस्ती शिकवण त्यांना प्रथम पटली ती पाण्याच्या तांब्यापाशी. आणि तिची किंमत माहेर, नातीगोती आणि जन्मभराची सवय इतकी मोठी होती.

७/ त्याच घराने नगरला बालकवींना आसरा दिला. लक्ष्मीबाईंनी या हळव्या, रुसव्याफुगव्याच्या मुलाला आईच्या मायेने सांभाळले. खानदेशच्या या कवीला ते परके घर वाटले नाही. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला. पुढच्याच वर्षी टिळकही गेले.

८/ जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी याच काळातल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. धर्म वेगळा, बोली वेगळी. पण त्यांनाही जीवनाचा अर्थ चुलीपाशी, जात्यापाशी आणि शेतात सापडला. संतांच्या अभंगांनी मराठी मनाला लावलेली ही सवय दोघींत दिसते.

९/ लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांत उपदेश फार थोडा आहे. भांडणे आहेत, फजिती आहे, उसनवारी आहे आणि या सगळ्यावर हसणारी एक बाई आहे. तिची श्रद्धा शोधायची असेल, तर त्या हसण्यात शोधावी.