लॉस अँजेल्सची भित्तिचित्रे
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या लॉस अँजेल्स या महानगरात, रस्त्यालगतच्या इमारती, गृहवसाहती, दुकानांच्या पाठभिंती, द्रुतगती मार्गांच्या भिंती आणि पूरनियंत्रण कालव्याचा काठ यांवर १९३२ पासून रंगविली गेलेली उघड्यावरील भित्तिचित्रे. अजिंठ्याच्या लेण्यांतील किंवा यूरोपीय चर्चवास्तूंतील चित्रांना छताचा आणि धर्मश्रद्धेचा आश्रय लाभला. या चित्रांना त्यांपैकी कोणताच आश्रय नाही. कडक ऊन व वाहनांचा धूर यांच्या जोडीला भिंतीच्या मालकाची मर्जी, शासकीय अधिकाऱ्यांची नापसंती आणि शहराचे नियम यांवर त्यांचे अस्तित्व अवलंबून राहिले. त्यामुळे या शहरातील भित्तिचित्रांचा इतिहास सांगताना ती कशी रंगविली गेली याबरोबरच ती कशी पुसली गेली, हेही सांगावे लागते.

या चित्रपरंपरेचे मूळ मेक्सिकोत आहे. १९१० च्या क्रांतीनंतर तेथील शिक्षणमंत्री होसे व्हास्कॉन्सेलोस यांनी १९२१ पासून सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांना खुल्या करून दिल्या. द्येगो रिव्हेरा (१८८६–१९५७), होसे क्लेमेंते ओरोस्को (१८८३–१९४९) आणि दाव्हीद आल्फारो सिकेरोस (१८९६–१९७४) हे या चळवळीचे तीन प्रमुख चित्रकार. शेतकरी, कामगार व मूळ रहिवासी यांना देशाच्या इतिहासात मानाचे स्थान देणे, हा त्यांचा हेतू होता. मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेरा यांनी रंगविलेल्या एका चित्रात, मेजाभोवती जमलेल्या माणसांना भाकरी वाटणारी जी मध्यवर्ती व्यक्ती आहे, ती वर्ध्याचे क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांच्यावरून रंगविलेली आहे. मक्याच्या वाणांवर खानखोजे यांनी मेक्सिकोत केलेल्या कामाची ती पावती म्हणता येईल. मात्र या चळवळीची आरंभीची चित्रे बहुतांशी चौकात, जिन्यांत आणि सभागृहांत होती. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला ती सहजासहजी दिसत नसत, आणि ही उणीव सिकेरोस यांना विशेष जाणवत होती.

राजकीय कारणांमुळे मेक्सिकोतून बाहेर पडलेले सिकेरोस १९३२ मध्ये लॉस अँजेल्सला आले व शूनार्ड कलाविद्यालयात भित्तिचित्रण शिकवू लागले. विद्यालयाच्या बाह्य भिंतीवर चित्र काढण्याचे ठरले, तेव्हा तंत्राचा प्रश्न उभा राहिला. पारंपरिक भित्तिलेपचित्रणात ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग देतात, परंतु आधुनिक काँक्रीटच्या भिंतीवर व उघड्या हवेत असा गिलावा टिकण्यासारखा नव्हता. वास्तुशिल्पज्ञांशी विचारविनिमय करून सिकेरोस यांनी चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा वापरला. सिमेंट लवकर आळते व कुंचल्याने काम उरकत नाही, म्हणून रंगफवारा यंत्राचा उपयोग करण्यात आला. एकट्या चित्रकाराऐवजी सहकाऱ्यांच्या पथकाने एकत्र काम करावे, हा त्यांचा आग्रहही येथेच प्रत्यक्षात आला. कामगारांच्या रस्त्यावरील सभेचे हे चित्र फार काळ राहिले नाही, थोड्याच अवधीत ते झाकले गेले. तंत्र मात्र मागे राहिले, आणि पुढील अर्धशतकात औद्योगिक रंग व साधने निःसंकोचपणे वापरणाऱ्या अमेरिकन भित्तिचित्रकारांनी सिकेरोस यांना आपला पूर्वसूरी मानले.

त्याच वर्षी सिकेरोस यांच्याकडे दुसरे काम आले. शहराच्या सर्वांत जुन्या भागातील ओल्व्हेरा स्ट्रीट ही गल्ली १९३० मध्ये मेक्सिकन बाजारपेठेच्या रूपाने सजविण्यात आली होती. मातीची भांडी, चामड्याच्या वस्तू व गिटारवादन यांनी पर्यटकांना जुन्या मेक्सिकोचा गोड आभास द्यावा, अशी ती योजना. याच गल्लीला लागून असलेल्या चौकाला २६ फेब्रुवारी १९३१ रोजी सरकारी अधिकाऱ्यांनी वेढा घालून सु. ४०० लोकांची झडती घेतली होती. आर्थिक महामंदीच्या त्या काळात मेक्सिकन वंशाच्या लोकांना देशाबाहेर घालविण्याची मोहीम सुरू होती आणि त्यांत जन्माने अमेरिकन असलेलेही अनेक होते. बाजारात मेक्सिको हवा, पण मेक्सिकन माणूस नको, अशी ही विसंगती होती. अशा ठिकाणी इटालियन हॉल या इमारतीच्या वरच्या मजल्याच्या बाह्य भिंतीवर ‘उष्ण कटिबंधीय अमेरिका’ या विषयावर चित्र काढण्यास सिकेरोस यांना सांगण्यात आले. पुरस्कर्त्यांना घनदाट झाडी, रंगीत पक्षी व सुखी माणसे अपेक्षित असावीत.

९ ऑक्टोबर १९३२ रोजी चित्राचे अनावरण झाले. सु. २४ मी. लांब व सु. ५·५ मी. उंच अशा या चित्रात वेड्यावाकड्या वृक्षांनी वेढलेले एक प्राचीन मंदिर आहे. मध्यभागी दुहेरी क्रुसावर जखडलेला मूळ रहिवासी शेतमजूर आणि त्याच्या माथ्यावर पंख पसरलेला गरुड आहे. उजवीकडे छपरावर दबा धरून बसलेल्या दोन बंदूकधारी आकृती असून त्यांपैकी एकीचा नेम त्या गरुडावर आहे. गरुड हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे राष्ट्रचिन्ह असल्याने अर्थ शोधण्याची गरज नव्हती. मधली आकृती सिकेरोस यांनी इतरांचे काम संपल्यावर अगदी अखेरीस रंगविली, असे सांगतात. ‘आमेरिका त्रोपिकाल’ या नावाने हे चित्र ओळखले जाते. काही महिन्यांतच गल्लीतून दिसणाऱ्या भागाला पांढरा रंग फासण्यात आला व पुढे काही वर्षांत संपूर्ण चित्र त्याखाली गेले. सिकेरोस यांच्या वास्तव्याच्या परवान्याचे नूतनीकरण झाले नाही आणि १९३२ संपण्यापूर्वीच त्यांना देश सोडावा लागला. चित्र पुसणाऱ्यांना ते नीट समजले नाही, असे मत कधीकधी मांडले जाते, परंतु ते पटण्याजोगे नाही. ते समजले होते म्हणूनच पुसले गेले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

पुढील तीन दशके ही भिंत पांढरीच राहिली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उन्हाने पांढरा थर सोलवटू लागला व क्रुसावरील आकृती पुसटशी दिसू लागली. नेमक्या याच सुमारास मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांची ‘चिकानो’ चळवळ शहराच्या पूर्व भागात जोर धरीत होती. शाळांतील भेदभाव, शेतमजुरांचे वेतन व व्हिएटनाम युद्धातील सैनिकभरती हे तिचे विषय होते. २९ ऑगस्ट १९७० रोजी युद्धविरोधी मोर्च्याच्या वेळी पोलिसांच्या कारवाईत पत्रकार रूबेन सालासार मृत्यू पावले. या पिढीतील तरुण चित्रकारांना प्रदर्शनदालनांची दारे बंदच होती. त्यांच्यापाशी भिंती होत्या, आणि आपल्याच शहरात चाळीस वर्षांपूर्वी झाकल्या गेलेल्या एका भिंतीचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९७१ मध्ये आलेल्या मेक्सिकन तज्ज्ञांनी हे चित्र मूळ रंगांत पुन्हा उभे करता येणार नाही, फक्त आहे तेवढे जतन करता येईल, असा निष्कर्ष काढला.

बॉइल हाइट्स भागातील एस्त्राडा कोर्ट्स या सार्वजनिक गृहवसाहतीच्या भिंतींवर १९७० नंतरच्या दशकात पन्नासांहून अधिक चित्रे रंगविली गेली. त्यांत आस्टेक पुराणे, ग्वादालूपेची माता मेरी, शेतमजुरांचे निशाण व चे गेव्हारा यांना एकाच वसाहतीत स्थान मिळाले. चित्रकारांना मदतीला वसाहतीतीलच मुले असत. या सर्व चित्रांचा दर्जा सारखा नाही. काही तर शाळेतील तक्त्यांसारखी आहेत. तथापि रहिवाशांनी ती आपली मानली व बराच काळ ती अस्पर्शित राहिली, याला कलामूल्याइतकेच महत्त्व आहे. विली हेरॉन या तरुण चित्रकाराचे ‘भंगलेली भिंत’ (१९७२) हे चित्र यांहून वेगळे आहे. धाकट्या भावावर टोळीतील मुलांनी केलेल्या हल्ल्यानंतर, हल्ला झाला त्याच गल्लीत ते रंगविले गेले. भिंत फोडून बाहेर येणारे चेहरे व शोकमग्न वृद्धा यांच्याभोवती टोळ्यांनी आधीच लिहिलेली नावे हेरॉन यांनी पुसली नाहीत, ती चित्राचाच भाग केली.

या कालखंडातील सर्वांत मोठे काम म्हणजे ‘लॉस अँजेल्सची महाभिंत’. जुडिथ बाका (१९४६– ) या चित्रकर्त्रीने सॅन फर्नँडो खोऱ्यातील तुहुंगा पूरनियंत्रण कालव्याच्या काँक्रीटच्या उभ्या काठावर ते १९७६ मध्ये सुरू केले. पावसाळी महिन्यांत कालव्याला पाणी येत असल्याने काम उन्हाळ्यातच चाले. १९८३ पर्यंतच्या पाच उन्हाळ्यांत सु. ८४० मी. लांब व सु. ४ मी. उंच चित्र पूर्ण झाले. चारशेहून अधिक तरुणतरुणी त्यावर राबल्या. त्यांत बालगुन्हेगारी न्यायव्यवस्थेतून आलेली मुलेही होती. परस्परांच्या वस्तीत पाऊल न टाकणारी मुले येथे एकाच पाडावर उभी राहून काम करीत. प्रागैतिहासिक प्राण्यांपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा कॅलिफोर्नियाचा इतिहास या भिंतीवर येतो, पण तो पाठ्यपुस्तकातला नव्हे. १८७१ मधील चिनी रहिवाशांची हत्या, महामंदीतील मेक्सिकनांची हकालपट्टी आणि दुसऱ्या महायुद्धातील जपानी अमेरिकनांची स्थानबद्धता हे प्रसंग येथे ठळकपणे आहेत. द्रुतगती मार्गांच्या विळख्याने विभागलेल्या कुटुंबांचे दृश्य तर सर्वांत परिणामकारक आहे. २०१७ मध्ये या भिंतीचा समावेश ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला आणि त्यापुढील दशकांचे प्रसंग जोडून ती वाढविण्यासाठी २०२१ मध्ये मोठे अनुदान मिळाले.

असाच इतिहास शहराच्या मध्यभागी मांडण्याचा प्रयत्न मात्र निराळ्या रीतीने अडला. शहर पुनर्विकास यंत्रणेने बार्बरा कारास्को यांच्याकडे १९८१ मध्ये सोपविलेल्या भित्तिचित्रात एका स्त्रीच्या लांबसडक केसांत गुंफलेली ५१ दृश्ये होती आणि ‘आमेरिका त्रोपिकाल’ पुसले जाण्याचा प्रसंगही त्यांत होता. यांतील १४ दृश्ये काढून टाकावीत, अशी मागणी झाली. कारास्को यांनी नकार दिल्याने चित्र भिंतीवर चढलेच नाही. फलकांवर रंगविलेले असल्यामुळे ते वाचले आणि वर्षानुवर्षे गोदामात राहून २०२० मध्ये शहरातील निसर्गेतिहास संग्रहालयाच्या मालकीचे झाले.

लॉस अँजेल्स हे मोटारींचे शहर. चित्रासमोर थांबायला प्रेक्षकाला वेळ नसतो. धावता प्रेक्षक गृहीत धरून चित्ररचना करावी, हा सिकेरोस यांचा विचार येथे आपोआप लागू पडला. केंट ट्विचेल (१९४२– ) यांनी अनेक मजले उंचीच्या एकेका व्यक्तीची चित्रे काढली. धावत्या गाडीतून क्षणार्धात ओळखू यावे, असा त्यांचा आकार आहे. १९८४ च्या ऑलिंपिक क्रीडासामन्यांच्या निमित्ताने द्रुतगती मार्गालगत दहा चित्रकारांना भिंती देण्यात आल्या. ज्या मार्गांनी पूर्वेकडील वस्त्या चिरल्या, त्यांच्याच भिंती त्या वस्त्यांतील चित्रकारांच्या वाट्याला आल्या, हा योगायोग लक्षणीय आहे. या चित्रांवर पुढे फवारारंगाने नावे खरडली गेली. ती खरड झाकण्यासाठी प्रशासनाने रंग फासला आणि त्याखाली चित्रेही गेली. त्यांपैकी काही पुढे पुन्हा उजेडात आणण्यात आली.

कायद्याने या चित्रांना संरक्षण दिले व अडचणीतही आणले. कॅलिफोर्नियाच्या १९७९ च्या आणि केंद्रीय शासनाच्या १९९० च्या कायद्यान्वये, चित्र काढून टाकण्यापूर्वी चित्रकाराला ९० दिवसांची सूचना देणे मालकावर बंधनकारक झाले. ट्विचेल यांचे ‘द्रुतगती मार्गावरील वृद्धा’ (१९७४) हे चित्र १९८६ मध्ये जाहिरातीसाठी रंगाखाली गेले. या प्रकरणी १९९२ मध्ये त्यांना १,७५,००० डॉलर मिळाले. चित्रकार एड रुशे यांचे त्यांनी रंगविलेले प्रचंड व्यक्तिचित्र २००६ मध्ये सूचनेविना झाकले गेले, तेव्हा २००८ मधील तडजोडीत भरपाईची रक्कम ११ लाख डॉलर ठरली. भरपाई मिळाली तरी भिंत परत मिळाली नाही. दुसरीकडे, नगरपालिकेने व्यापारी फलकांवर बंधने घालताना भित्तिचित्रांना सवलत दिली होती. हा भेदभाव अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असा दावा जाहिरात कंपन्यांनी न्यायालयात लावला. सवलत टिकणार नाही असे दिसताच २००२ मध्ये खाजगी इमारतींवरील नव्या भित्तिचित्रांवरच बंदी आली. भित्तिचित्रांसाठी जगभर नावाजलेल्या शहरात भित्तिचित्र काढणे अकरा वर्षे बेकायदेशीर होते. २०१३ च्या नियमावलीने ही बंदी उठली. तदनुसार चित्राची नोंदणी करावी लागते, त्यात व्यापारी मजकूर चालत नाही व ते किमान दोन वर्षे ठेवावे लागते. तेव्हापासून मध्यवर्ती भागातील जुन्या गोदामांच्या भिंती पुन्हा भरू लागल्या. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचा जानेवारी २०२० मध्ये अपघाती मृत्यू झाल्यावर त्यांची शेकडो चित्रे शहरभर उमटली.

नापसंतीमुळे चित्र झाकण्याची प्रथा मात्र थांबलेली नाही. डिसेंबर २०१० मध्ये ब्लू या इटालियन चित्रकाराने येथील समकालीन कलासंग्रहालयाच्या भिंतीवर डॉलरच्या नोटांनी झाकलेल्या शवपेट्या रंगविल्या. शेजारीच युद्धस्मारक असल्याने लोकांच्या भावना दुखावतील, या कारणास्तव संग्रहालयाने स्वतःच मागविलेले हे चित्र लगेच पांढरे केले. रस्त्यावरील कलेच्या प्रदर्शनाची तयारी तेव्हा त्याच इमारतीत चालू होती.

‘आमेरिका त्रोपिकाल’च्या संवर्धनाचे काम गेटी संवर्धन संस्था व नगरपालिका यांनी १९८८ पासून हाती घेतले आणि अनावरणानंतर बरोबर ८० वर्षांनी, ९ ऑक्टोबर २०१२ रोजी, ते लोकांना खुले झाले. पांढरा थर काढून रेषा व शिल्लक रंग स्थिर करण्यात आले, नवा रंग भरला नाही. सिकेरोस यांच्या मूळ रंगांची रंगीत नोंद उपलब्ध नसल्याने तसे करणे अंदाजावर सोडावे लागले असते. वर छत व समोर गच्चीवर प्रेक्षकांसाठी मंच उभारला आहे. तेथून क्रूस, गरुड व बंदूकधाऱ्यांच्या फिकट आकृती ओळखता येतात. खाली ओल्व्हेरा स्ट्रीटवर मातीची भांडी व चामड्याच्या वस्तू विकणारी दुकाने आहेत.