ब्लॉक गेला

‘ब्लॉक गेला. मुलीचे यंदा जमत नाही. बाकी क्षेम.’

एवढाच मजकूर असलेले एक पोस्टकार्ड माझ्यापाशी आहे. माझ्या आजोबांनी ते १९५३ साली बेलापूरहून परळला, गिरणीत कामाला असलेल्या धाकट्या भावाला लिहिले. हे बेलापूर नव्या मुंबईतले नव्हे. नगर जिल्ह्यातले, प्रवरेकाठचे. (हा खुलासा मला पत्रव्यवहारात दरवेळी करावा लागतो.) चुलत आजोबा वारल्यावर त्यांची पत्र्याची पेटी गावी आली, तिच्यात हे कार्ड होते.

आता कबुली देतो. या तीन वाक्यांतल्या पहिल्याच शब्दाचा अर्थ मी चुकीचा लावला, आणि तो छापलाही.

माझे लहानपण वडिलांच्या नोकरीमुळे ठाण्यात गेले. आम्ही ‘ब्लॉक’मध्ये राहत होतो, आणि हे सांगताना आई किंचित ताठ होत असे. चाळीत खोली असायची, नळ आणि संडास सामाईक असायचे. ज्याच्या घरात मोरी, संडास आणि स्वयंपाकघर आपापले, तो ब्लॉक. जाहिरातींतही ‘ब्लॉक सिस्टीम’ असे शब्द असत. इंग्रजीत ‘ब्लॉक’ म्हणजे बिऱ्हाडांची अख्खी इमारत. आपण त्या सबंध इमारतीचे नाव तिच्यातल्या एका बिऱ्हाडाला दिले. मुंबईच्या मराठीत एका पिढीची सगळी धडपड या शब्दात मावत असे. ‘ब्लॉक घेतला’ म्हणजे माणूस मार्गी लागला.

तेव्हा ‘ब्लॉक गेला’ म्हणजे मुंबईतली जागा हातची गेली, असे मी धरून चाललो. घरात एक कुजबूज होतीच, की त्या काळात मुंबई आणि बेलापूर यांच्यामध्ये काही पैसे फिरले. मी दोन्हींची गाठ घातली. धाकट्या भावाने जागेसाठी थोरल्याकडून पैसे घेतले, जागा गेली, पैसे बुडाले, आणि माझ्या आत्याचे लग्न लांबले. गावच्या एका स्मरणिकेत ‘एका कुटुंबाची कथा’ म्हणून मी हे लिहिले. नावे घातली नव्हती, पण ओळखणाऱ्यांनी ओळखले. परळच्या चुलत काकांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणतो, त्याने माझ्याशी बोलणे सोडले. मला वाटले, सत्य झोंबले.

चूक दाखवली ती एका निवृत्त पाटकऱ्याने. चहाच्या टपरीवर मी त्यांना ते कार्ड कौतुकाने वाचून दाखवले. ते म्हणाले, “अहो, ब्लॉक म्हणजे खोली नव्हं. पाणी. तुमच्या आजोबांचं पाणी गेलं म्हणतात ते.”

तिशीत गावी परतून, दुकान सांभाळत, जुनी कागदपत्रे वाचायला मी माझे मलाच शिकलो. कालव्याखालच्या गावात राहून हा अर्थ मला ठाऊक नव्हता, कारण वडिलांनी जमीन कधीच विकली होती. ज्याला शेत नाही त्याच्या कानावर शेतातला शब्द कितीही वेळा पडला, तरी तो आत शिरत नाही.

दख्खनच्या कालव्यांवर ‘ब्लॉक सिस्टीम’ आणली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी, ते मुंबई इलाख्याच्या नोकरीत पुण्याला असताना. सुरुवात नीरा कालव्यापासून झाली. अडचण अशी होती की जो तो कालव्याच्या तोंडाशी ऊस लावी. वरच्यांच्या जमिनी पाण्याने उफळत, खालच्यांना थेंब मिळत नसे. विश्वेश्वरय्यांनी पाणी सलग तुकड्यांना बांधून द्यायचे ठरवले. तुकड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, उरलेल्यात हलकी पिके, आणि दरसाल पालट. म्हणजे पाणी अधिक गावांत पोचेल आणि जमिनीलाही विसावा मिळेल. ही मंजुरी एका हंगामाची नसे, बहुधा सहा वर्षांची असे. पुढे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवरही ब्लॉक आले. उसाचा ब्लॉक, फळबागेचा ब्लॉक, दोन हंगामी ब्लॉक, असे त्याचे प्रकार.

ज्याला ब्लॉक नाही त्याने दर हंगामाला अर्ज करायचा, पुढच्या काळातला तो प्रसिद्ध सात नंबरचा फॉर्म, आणि आवर्तनाची वाट पाहायची. ज्याला ब्लॉक आहे त्याला सहा वर्षे पुढचे दिसते. सावकार त्याला दारात बसवून घेतो, सोयरे त्याच्या घरी विचारायला येतात. ब्लॉकची मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर तीच जमीन, तोच माणूस, पण बागाईतदाराचा जिराईतदार. ‘मुलीचे यंदा जमत नाही’ हे वाक्य मग आपोआप उलगडते. त्याला मुंबईची गरजच नाही.

याच बागाईतदारांची परिषद १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, भरली होती. अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. सहकारी साखर कारखान्याच्या विचाराला तिथे बळ मिळाले, आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी तो लोणीला उभा करून दाखवला. सहकाराच्या इतिहासात हे सगळे येते. पण उसाची खात्री असल्याशिवाय कारखान्याचे स्वप्न पडत नाही, आणि उसाची खात्री म्हणजे पाण्याची खात्री. हा पाया मला तरी त्या इतिहासात फार पुसट दिसतो.

मला सर्वांत गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. या इंग्रजी शब्दाला मराठी शब्द आधीपासून होता. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधाऱ्याखालच्या शिवाराचे तीन-चार ‘फड’ पाडतात. एका फडात एकच पीक, आणि दरवर्षी पालट. विश्वेश्वरय्यांनी सुरुवातीच्या काळात खानदेशातही नोकरी केली होती. त्यांनी फड पाहिले नसतील, हे मला पटत नाही. तरीही कागदावर आले ते ‘ब्लॉक’. आणि आमच्याकडे फड म्हणजे तोडणीला आलेला ऊस. शिवाय तमाशाचा फड, कुस्तीचा फड. ‘फड गेला’ असे आजोबांनी लिहिले असते, तर मी आणखी कुठे वाहवत गेलो असतो देव जाणे.

इंग्रजी शब्दाचे मूळ ओंडका. ओंडका म्हणजे एकसंध तुकडा, आणि वाटेत पडला तर अडथळा. पुढचे बहुतेक अर्थ या दोहोंतून फुटले. आमच्या रेल्वे स्थानकावर ते दोन्ही एकत्र नांदतात. दौंड-मनमाड मार्ग १८७८चा. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधला तुकडा म्हणजे ब्लॉक. त्यात एका वेळी एकच गाडी. ड्रायव्हरच्या हाती गोळा आल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि दोन्ही स्थानकांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच गोळा निघायचा. हीसुद्धा ब्लॉक सिस्टीमच, गाडी सुखरूप पुढे जावी म्हणून. मुंबईकराला रविवारी भेटणारा मेगाब्लॉक मात्र गाडी थांबवण्यासाठी. छपाईतल्या जस्ताच्या ब्लॉकवर या अंकाच्या संपादकांनीच कधीतरी लिहावे. जुन्या दिवाळी अंकांतली चित्रे त्यावरच उतरली.

सरकारी अर्थाने तर आणखी गुंता केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ‘ब्लॉक’ हा कारभाराचा घटक झाला. हिंदीत त्याचा ‘खंड’ झाला. आमच्या भागात तो शब्द चालणे अवघड होते, कारण खंड म्हणजे जमिनीच्या वापराचे भाडे. हरेगावच्या बेलापूर कंपनीला ज्यांनी जमिनी खंडाने दिल्या ते खंडकरी. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांचा लढा पिढ्यानपिढ्या चालला. त्यांच्यापुढे ‘खंड विकास अधिकारी’ म्हणून उभे राहायला धैर्यच लागले असते. मराठीने ‘गट’ निवडला. पण मग जमिनीचा गट नंबर, जिल्हा परिषदेचा गट, बचत गट आणि पुढाऱ्याचा गट. ‘गटात नाव नाही’ हे वाक्य आमच्या चावडीवर चार जणांनी म्हटले, तर चौघांची दुःखे निराळी असतात.

हे सगळे जुळवून झाल्यावर मी पोस्टकार्ड घेऊन दादाकडे गेलो. त्याने दार उघडले, बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच सांगितले, की मी लिहिले ते चूक होते. जागा नव्हती, पाणी होते, आणि तुझ्या आजोबांचा त्यात काही संबंध नव्हता. तो बराच वेळ कार्डाकडे पाहत राहिला. मग आत गेला आणि एक वही घेऊन आला. तिच्यात मनीऑर्डरची पावती डकवलेली होती. परळ टपाल कचेरीचा शिक्का, साल १९५४, रक्कम दीडशे रुपये, घेणाऱ्याचे गाव बेलापूर.

“आत्याचं लग्न त्याच वैशाखात झालं ना?” त्याने विचारले.

त्याच वैशाखात झाले होते.