मोसमकाठचे फड

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममधली शेती सोपी असते. पाण्याचा एक चौकोन केला की चारी बाजूंना चार-चार चौकोनांपर्यंतची माती ओली राहते. ते पाणी कधी आटत नाही आणि शेजारी कुणी मोटार लावून बसलेला नसतो. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी शेतकऱ्यांनी तगून राहण्यासाठी जी व्यवस्था बसवली, ती मात्र पाणी पुरणार नाही हे धरूनच.

ती फड पद्धत. धुळ्याकडे पांझरेच्या काठीही ती होती आणि साधारण 300 ते 400 वर्षे जुनी मानली जाते. नदीत दगडी बंधारा घालायचा, त्याच्या वरच्या अंगाने पाट काढायचा, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग न्यायचे. सगळे पाणी उताराने वाहायचे. मोट नाही की रहाट नाही. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा तीन-चार मोठे तुकडे पाडत. त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे फड.

एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात दोन हंगामांची पिके, तिसऱ्यात एकाच हंगामाचे पीक. पुढच्या वर्षी फेरपालट. शेजारीशेजारी सारखेच पीक असल्याने पाण्याची पाळी सरळ लागे आणि एकाच्या उसाचे पाणी दुसऱ्याच्या बाजरीत झिरपत नसे.

खरी मेख मालकीत होती. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसून शक्यतो प्रत्येक फडात त्याची एकेक पट्टी असे. नदीला पाणी कमी असले, तर गावकरी मिळून एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवत. त्या फडात सगळ्यांचीच जमीन असल्याने तोटाही सगळ्यांत वाटला जाई. दुष्काळात एकट्याचे पुरते वाळले आणि दुसऱ्याचे हिरवे राहिले, असे सहसा होत नसे.

पाणी सोडायला शेतकऱ्याने स्वतः जायचे नाही, हाही दंडक होता. ते काम पाटकऱ्याचे. जागल्या पिकांची राखण करी, हवालदार दोघांवर देखरेख ठेवी. या नोकरांची नेमणूक गावच करी आणि त्यांना मोबदला पिकातून मिळे.

1884 मध्ये मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी सुरुवातीची नोकरी नाशिक-खानदेशात केली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी आणलेल्या ब्लॉक पद्धतीतही ठरावीक गटांत जमीन वाटून तीन वर्षांची फेरपालट होती. फडाशी तिचे साम्य लपत नाही.

स्वातंत्र्यानंतर नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले. ज्याची विहीर त्याचे पाणी झाल्यावर फडाच्या पिकाला बांधून घेण्याची गरज उरली नाही. बागलाणात कांदा, डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा वाढल्या. अनेक ठिकाणी फड मोडले.

याच जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर पाणीवाटप पुन्हा शेतकऱ्यांच्या हाती आले, पण वेगळ्या करारावर. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. तिथे पाणी मोजून घेतले जाते आणि त्याची पट्टी संस्था भरते. त्या पाण्यात द्राक्ष लावायचे की गहू, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते.