पंढरपूर: पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत ६०९ वर्षं

आजचा भाग पंढरपूरचा. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांबद्दल आपण ऐकलेलं असतं. आषाढीला विठोबाचा पलंग काढतात, म्हणजे देव झोपतच नाही आणि दर्शन चोवीस तास सुरू राहतं, हेही बऱ्याच जणांना माहीत असेल. पण मला आज एका छोट्या अंतराची गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात करू चंद्रभागेच्या वाळवंटातून. इथे पुंडलिकाचं मंदिर आहे आणि त्याचे पुजारी परंपरेने कोळी समाजाचे. ज्या भक्तासाठी देव विटेवर उभा राहिला असं आपण मानतो, त्याची पूजा कोळ्यांच्या हातात. हे लक्षात ठेवा.

आता घाट चढून महाद्वारापाशी या. पहिली पायरी नामदेवांची, तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे, जातीने महार. १३३८ साली तिथे गावकुसाचं बांधकाम सुरू असताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले. परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि इथे आणून समाधी बांधली.

इथेच खरी मेख आहे. समाधी दाराबाहेर! चोखोबांचे अभंग वारकरी पिढ्यानपिढ्या गात आले, पण त्यांच्या समाजाच्या माणसाला त्या दारातून आत जाता येत नव्हतं. आणि पंढरपूरचं वैशिष्ट्य काय? तर इथे भाविक थेट देवाच्या पायांवर डोकं ठेवतो. म्हणजे नाकारलं जात होतं ते नुसतं लांबून दर्शन नव्हे, स्पर्श नाकारला जात होता.

मग आलं १९४७. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून सभा घेतल्या, सेवा दलाचं कलापथक सोबत होतं. वाटेत गावोगावची मंदिरं आणि विहिरी खुल्या झाल्या. पंढरपूरचा दरवाजा मात्र बंदच होता. शेवटी १ मे १९४७ ला त्यांनी पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. ते दहा दिवस चाललं आणि मंदिर दलितांना खुलं करायचं ठरलं. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते.

१३३८ ते १९४७. एका दाराच्या बाहेरून आत यायला ६०९ वर्षं!

गोष्ट तिथेही संपली नाही. पूजेचे आणि उत्पन्नाचे वंशपरंपरागत हक्क बडवे-उत्पातांकडे होते. ते संपवणारा कायदा १९७३ साली आला, पण कोर्टातली लढाई थेट जानेवारी २०१४ पर्यंत चालली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा दावा फेटाळला.

मला यातून एक गोष्ट कळते. संतांनी समता गायली म्हणून ती आपोआप आली नाही. तिच्यासाठी कुणाला तरी उपाशी बसावं लागलं, कायदा करावा लागला, कोर्टात चाळीस वर्षं झगडावं लागलं.

पुढच्या वेळी पंढरपूरला गेलात तर दर्शनबारीत लागण्याआधी चोखोबांपाशी दोन मिनिटं थांबा. तिथून महाद्वाराकडे बघा आणि अंतर स्वतःच मोजा.

भेटूया पुढच्या भागात. रामकृष्ण हरी!