निवृत्तिधनाचे सुवर्णांतर

भविष्य निर्वाह निधी, उपदान इ. निवृत्तिलाभांची रक्कम प्रत्यक्ष सोन्यात गुंतवणे. भारतात १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने खाजगी व्यक्तींना सोन्याच्या लगडी बाळगण्यास मनाई होती. त्यामुळे सोन्यातील बचत दागिन्यांतच राही. कायदा १९९० मध्ये रद्द झाला (→ सुवर्ण नियंत्रण). नाशिकसह महाराष्ट्रातील सराफांकडे नाणी, बिस्किटे व वेढणी (२४ कॅरटचे साधे वळे) मिळतात. दसरा, पाडवा, गुरुपुष्यामृत हे खरेदीचे रूढ मुहूर्त. खरेदीवर ३ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात प्रत्यक्ष सोने ठेवता येत नाही. रक्कम आधी काढावी लागते. अमेरिकेत मात्र किमान ९९.५ टक्के शुद्धतेचे सोने निवृत्ती खात्यात चालते, घरी नव्हे, विश्वस्ताच्या ताब्यात. सोन्यावर व्याज नसल्याने ते निवृत्तिवेतनाची जागा घेत नाही. अडचणीत तारण ठेवता येते (→ सोनेतारण कर्ज).