सहा तासांची दुफळी

बिटकॉइनवर मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतेक भावाबद्दल असते. मला त्या भावात कधी फारसा रस वाटला नाही. हिशेबाच्या वह्यांचा इतिहास धुंडाळता धुंडाळता मी या विषयाकडे वळलो, कारण शेवटी ही एक किर्दच आहे. फक्त तिला मालक नाही आणि तिच्या हजारो प्रती हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिल्या जातात. त्यातली खरी कोणती, हे कोणी ठरवायचे?

पुस्तकी उत्तर आधी सांगतो. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. किर्दीला नवे पान, म्हणजे ब्लॉक, जोडू पाहणाऱ्या संगणकाने एक कोडे सोडवायचे. ब्लॉकला एक आकडा जोडून हॅश काढायचा आणि तो ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत आकडे बदलत राहायचे. यात हुशारीला वाव नाही, लॉटरीची तिकिटे घेत बसण्याचा प्रकार. संगणकाला मुद्दाम राबवण्याची कल्पना तशी जुनी. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ साली नकोशा ईमेलला आळा घालण्यासाठी ती मांडली होती. ॲडम बॅक यांचे हॅशकॅश १९९७चे. सातोशीने ती मताधिकाराला जोडली. टोपणनावे हवी तितकी घेता येतात, वीज मात्र विकत घ्यावी लागते. ज्या साखळीमागे सर्वांत जास्त राबणूक, ती खरी. ब्लॉक जोडणाऱ्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. आरंभी ती ५० होती आणि दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मी होत जातात.

आता प्रत्यक्षात काय घडले ते. २०१३च्या मार्चमध्ये बरेच मायनर सॉफ्टवेअरच्या ०.८ या नव्या आवृत्तीवर गेले होते. व्यापारी आणि सामान्य वापरकर्ते मात्र मोठ्या संख्येने जुन्याच आवृत्त्या चालवत होते. नव्या आवृत्तीत डेटाबेस बदलला होता. ग्रिनिचच्या घड्याळाने ११ तारीख संपून १२ लागण्याच्या सुमारास २,२५,४३० क्रमांकाचा एक भलामोठा ब्लॉक आला. नव्या आवृत्तीने तो स्वीकारला. जुन्या आवृत्त्यांतल्या अनेक संगणकांनी नाकारला, कारण जुन्या डेटाबेसला एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त कुलुपे लावता येत नव्हती. ही मर्यादा कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती आणि कोणाच्या ध्यानातही नव्हती. पण तिने किर्दीची दोन तोंडे केली.

त्या रात्री विकासकांमध्ये झालेल्या चर्चेची नोंद मी वाचली आहे. गोंधळ आहे, पण आरडाओरड नाही. बहुसंख्य राबणूक नव्या साखळीमागे होती. म्हणजे निबंधाप्रमाणे तीच खरी. तरीही ती सोडायचे ठरले. कारण व्यवहारी होते. जुने संगणक नवी साखळी कधीच मानणार नव्हते. नवे संगणक मात्र दोन्ही मानत होते. जुनी साखळी पुढे गेली की नवे आपोआप तिच्यामागे येणार होते. मग मोठ्या मायनर संघांना विनंती झाली. बीटीसी गिल्ड हा त्या वेळचा बलाढ्य संघ मागे फिरला. सुमारे सहा तासांनी जुनी साखळी पुढे गेली आणि नव्या साखळीवरचे सुमारे २४ ब्लॉक रद्द झाले. तेव्हा बक्षीस ब्लॉकमागे २५ नाण्यांचे होते. म्हणजे सहाशेच्या आसपास नाणी आणि त्यासाठी जळलेली वीज पाण्यात गेली. मधल्या काळात एका व्यापारी सेवेला दहा हजार डॉलरचे एकच पैसे दोनदा खर्च होण्याचा अनुभवही आला.

‘कोणावरही विश्वास ठेवावा लागत नाही’ असे या व्यवस्थेचे वर्णन वाचले की मला ही रात्र आठवते. गणिताने दिलेला कौल काही माणसांनी आपसांत बोलून फिरवला, आणि माझ्या मते योग्य तेच केले. पण त्यांचे ऐकले गेले ते का? साखळी फुटलेलीच राहिली असती तर नाण्याची किंमतच उरली नसती, आणि मायनरांचे सगळे बक्षीस त्याच नाण्यात होते. एका रात्रीचा तोटा त्यांना स्वस्त पडला.

विजेचा प्रश्नही इथूनच समजतो. केंब्रिज विद्यापीठातील अभ्यासकांच्या २०२५च्या अहवालात या जाळ्याचा वार्षिक वापर सुमारे १३८ टेरावॅट-तास, म्हणजे १३,८०० कोटी युनिट धरला आहे. व्यवहार वाढले म्हणून हा आकडा फुगत नाही. नाण्याच्या भावाने बक्षिसाचे मोल वाढले की जास्त यंत्रे परवडतात. उलटही घडते. २०२१ साली चीनने मायनिंग बंद पाडले, तोवर तिथले कित्येक मायनर धनगरांच्या कळपांसारखे हिंडत असत, पावसाळ्यात सिचुआनच्या जलविजेवर आणि पुढे शिनजियांगच्या कोळशावर. बंदीने राबणूक निम्म्यावर आली. दर २,०१६ ब्लॉकनंतर कोडे सोपे-अवघड होते, तसे जुलैच्या सुरुवातीला ते सुमारे २८ टक्क्यांनी सोपे झाले. किर्द चालू राहिली. ती कमी विजेवरही चालते, हे तेव्हा दिसले. जास्त वीज लागते ती खोटी किर्द लिहिणे महाग पडावे म्हणून. हा खर्च रास्त आहे असे मला वाटत नाही. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये राबणुकीऐवजी तारण ठेवलेल्या नाण्यांवर मताधिकार दिला आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटवला. तिथे मत पैशाला आहे, ही दुसरी तक्रार.

२०१३च्या त्या कुलुपांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. जुन्यांना सुधारणेसाठी १५ मेपर्यंत मुदत दिली गेली आणि तोवर मोठे ब्लॉक टाळले गेले. १६ ऑगस्ट रोजी पुन्हा तसाच एक ब्लॉक आला, क्रमांक २,५२,४५१. या वेळी कोणी मागे फिरले नाही. ज्यांनी सॉफ्टवेअर बदलले नव्हते, त्यांच्या वह्या त्या पानावर थांबल्या.